"कपाटात नुसतं पडून होतं": जुनं स्कूबा साहित्य घेण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, ठाण्यात एक काका स्कूबाचा पूर्ण सेट विकतायत. रेग्युलेटर, बीसीडी, कॉम्प्युटर, फिन्स, सूट, सगळं मिळून ४५ हजार. घेऊन टाकू?"

भाच्याने तारकर्लीला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स केला त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. खात्यावर डाइव्ह सात. नव्या सेटच्या किमती पाहून त्याचे डोळे फिरले होते, आणि त्यात हा ४५ हजारांचा आकडा समोर आलेला. मी म्हटलं, "पैसे पाठवू नकोस. रविवारी जाऊन बघू."

हा प्रश्न आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेलं एक तरी माणूस हल्ली प्रत्येक घरात असतं. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना जाहीर झाल्यापासून तर ज्यांना पोहताही येत नाही तेही चौकशी करतात. मात्र मालवणला गाइड टाकीला धरून खाली फिरवून आणतो, ती नुसती चव असते. त्यासाठी काहीही विकत घ्यायची गरज नाही. हा लेख आहे तो त्यापुढे जाऊन कोर्स करणाऱ्यांसाठी, ज्यांना १८ मीटरपर्यंत जायचा परवाना मिळालाय आणि आता "आपलं स्वतःचं काहीतरी असावं" अशी खाज सुटली आहे.

आधी थोडं पाण्याच्या ओझ्याबद्दल

समुद्राच्या काठावर उभे असताना आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो त्याला ढोबळमानाने एक बार म्हणू. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की त्यात आणखी एक बार वाढतो. म्हणजे १८ मीटरवर २.८ बार. शरीर बहुतेक पाण्याचंच असल्यामुळे त्याला हा दाब जाणवत नाही, पण छातीतल्या हवेला जाणवतो. वरून लांब नळी सोडून खाली श्वास घ्यायचा म्हटलं तर एक मीटरवरच बरगड्या हात टेकतात. म्हणून जितक्या खोल जाल, तितक्याच दाबाची हवा तोंडात यावी लागते. कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही.

ही हवा येते टाकीतून, आणि तिथे दाब असतो २०० बार. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असतात, त्यावरून अंदाज करा. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत ११ लिटर पाणी मावेल इतकी जागा असते, पण दाबून भरल्यावर तिच्यात जवळपास २,२०० लिटर हवा बसते. माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा ओढत असेल तर १८ मीटरवर तो ५६ लिटर ओढतो, कारण तिथली हवा तितकीच दाट असते. वर यायला ५० बार राखून ठेवले तर हातात अर्धा तासही राहत नाही. नवखा माणूस धसकून जोरजोरात श्वास घेतो, त्याचा तर २० मिनिटांतच बाजार उठतो.

जुनं साहित्य घेताना हे आकडे डोक्यात असू द्या. प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारायचा: १८ मीटरवर ही बिघडली तर काय होईल? पायातला फिन तुटला तर चिडचिड होईल. मास्कची पट्टी तुटली तर मिनिटभर धांदल उडेल. हवा देणारा रेग्युलेटर किंवा तरंगवणारं बीसीडी बिघडलं, तर मात्र कोर्समध्ये शिकवलेलं सगळं त्याच क्षणी आठवावं लागेल.

रेग्युलेटर: शेगडीच्या रेग्युलेटरचा चुलतभाऊ

स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर जो रेग्युलेटर बसतो तोच याचा मूळ विचार. आतला जास्त दाब बाहेर गरजेपुरता सोडायचा. आणि हे नातं मी ओढूनताणून जोडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे वांधे झाले तेव्हा गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्याँ या फ्रेंच अभियंत्याने एक झडप केली होती. झाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याबरोबर त्याने १९४३ साली तीच पाण्याखाली पोहणाऱ्या माणसांसाठी बदलून घेतली. आजच्या सगळ्या रेग्युलेटरांचं मूळ तिथे सापडतं.

स्कूबाच्या रेग्युलेटरमध्ये हे काम दोन टप्प्यांत होतं. टाकीवर बसतो तो धातूचा गोळा म्हणजे फर्स्ट स्टेज. तो २०० बारचे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त, इतके करून नळीत सोडतो. तोंडात धरायचा तो सेकंड स्टेज. तिथे एक रबरी पडदा असतो. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत येतो, एक छोटा तरफ दाबला जातो, झडप उघडते आणि बरोबर पाण्याच्या दाबाइतकी हवा तोंडात येते. श्वास थांबला की झडप बंद.

आता यात झिजणारं काय? धातू नाही, तो वीस वर्षंही टिकतो. झिजतात त्या रबरी रिंगा, पडदे आणि झडपेची मऊ बैठक. कुकरचंच घ्या ना. भांडं आईच्या लग्नातलं असतं, पण रिंग दर दोन-तीन वर्षांनी नवी आणावी लागते. आणि रिंग कडक झाली म्हणून कुणी कुकर भंगारात काढत नाही. रेग्युलेटरचंही तसंच. वर्ष-दोन वर्षांनी, किंवा शंभरेक डाइव्ह झाल्यावर, तो पूर्ण खोलायचा, साफ करायचा आणि कंपनीचा सर्व्हिस किट टाकायचा. किट म्हणजे रिंगा आणि बैठकांची पुडी.

म्हणून जुना रेग्युलेटर घेताना "किती जुना" यापेक्षा दोन प्रश्न मोठे. या मॉडेलचा किट अजून मिळतो का? आणि तो बसवणारा, त्या कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस तुमच्यापासून किती लांब आहे? जुन्या साहित्यावरचा परदेशी मजकूर वाचताना हा दुसरा प्रश्न दिसत नाही, कारण तिथे तो माणूस पुढच्या चौकात असतो. आपल्याकडे असे लोक मोजके. पुण्याच्या माणसाला पार्सल मुंबईला, गोव्याला, नाही तर आणखी लांब धाडावं लागतं.

"पण खाली श्वासच बंद झाला तर?"

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे उत्तर देऊन टाकतो. आजचे सेकंड स्टेज अशा रीतीने बांधलेले असतात की हवेच्या दाबानेच झडप उघडायला पाहते आणि स्प्रिंग तिला अडवून धरते. त्यामुळे बिघाड झाला तर झडप बहुधा उघडी राहते आणि हवा भसाभसा वाहू लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात. वाहणाऱ्या हवेतून श्वास घेता येतो, कोर्समध्ये ते करूनही घेतात. पण टाकी काही मिनिटांत रिकामी होते. शिवाय तुमच्याकडे जास्तीचा सेकंड स्टेज असतो, ज्याला सगळे ऑक्टोपस म्हणतात, आणि शेजारी जोडीदार असतो.

तेव्हा जुन्या रेग्युलेटरने माणूस पटकन गुदमरतो हे खरं नाही. खरा धोका हळू येतो. श्वास जड लागतो, प्रत्येक श्वासाबरोबर थोडं पाणी येतं, माणूस घाबरतो. सात डाइव्हचा माणूस घाबरला की वर पळतो, आणि अपघात त्या पळण्यात होतात.

ठाण्याच्या गॅलरीत

काका साठीचे, मस्कतला बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले. बोलायला अगदी मोकळे. निळा क्रेट गॅलरीत आणून ठेवला आणि म्हणाले, "सात वर्षांत हात लावलेला नाही बघा. वापरलंय तरी किती? वीस-पंचवीस डाइव्ह. कपाटात नुसतं पडून होतं."

हे वाक्य विकणारा प्रत्येक जण भूषणासारखं सांगतो. पण सात वर्षं पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्कूटरवर तुम्ही लगेच पुण्याला निघाल का? रबर वापराने झिजतं तसं नुसतं बसूनही मरतं. सेकंड स्टेजची मऊ बैठक तर स्प्रिंगच्या जोराने सतत एका धारेवर दाबलेली असते. वर्षानुवर्षं तशीच राहिली की तिच्यावर गोल खाच पडते. त्यातून मुंबई-ठाण्याचा पावसाळा, आणि आत कुठेतरी वाळलेलं मीठ. नियमित वापरलेला, दरवर्षी सर्व्हिस केलेला आणि पावत्या जपलेला रेग्युलेटर मी पडून राहिलेल्यापेक्षा जास्त पैसे देऊन घेईन.

टाकी नसताना घरात काय तपासता येतं? बरंच काही. नळ्यांच्या टोकांवरचे रबरी टोपण मागे सारून नळी वाकवून पाहिली. भेगा पडतात त्या नेमक्या तिथे, झाकणाखाली. नळीवर उत्पादनाचं साल छापलेलं असतं, तेही वाचलं. तीन नळ्यांपैकी एकीला बारीक सुरकुतलेल्या भेगा होत्या. नळी बदलणं फार महाग नाही, पण किमतीतून वजा करायला हवी.

मग श्वासाची परीक्षा. फर्स्ट स्टेजच्या तोंडावर त्याची टोपी घट्ट बसवायची आणि सेकंड स्टेज तोंडात धरून हळूच ओढायचं. हवा आली नाही पाहिजे. बाटलीचं तोंड जिभेने बंद करून ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. मुख्य सेकंड स्टेज पास झाला. ऑक्टोपस ओढला तर जिभेला हवेची बारीक झुळूक लागली. बाहेर जाणाऱ्या हवेची जी पातळ रबरी पाकळी असते तिची कड वर वळली होती. तिथून पाण्यात हवेऐवजी पाणीच आत आलं असतं.

शेवटी टोपी काढून फर्स्ट स्टेजच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारला. तिथे धातूच्या बारीक कणांची एक गाळणी असते. ती स्वच्छ, चमकदार असावी. तांबूस दिसली तर समजा कुठल्यातरी गंजलेल्या स्टीलच्या टाकीचा गंज आत आलाय. काळी असेल तर कॉम्प्रेसरची घाण. इथे कडेला हिरवट छटा होती. कल्हई गेलेल्या पितळेवर आंबट राहिलं की जो कळकट हिरवा चढतो, तोच. खारं पाणी आत गेल्याची खूण.

मी काकांना दाखवलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एकदा बोटीवर टोपी न लावताच बादलीत बुडवला होता खरा." लबाडी नव्हती त्यात. त्यांना ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं इतकंच. जुन्या बाजारात फसवणारे असतात, पण त्याहून जास्त असतात ते काय विकतोय हे माहीत नसलेले प्रामाणिक लोक. त्यांच्याशी भांडून काही मिळत नाही, टॉर्च मारून मिळतं.

टाकी जोडून करायच्या चाचण्या यानंतर. त्या डाइव्ह सेंटरवर, जाणत्या माणसासमोर कराव्यात. तो दोन स्टेजच्या मधल्या नळीतला दाब मोजायला एक गेज लावतो. काटा एका आकड्यावर जाऊन थांबला पाहिजे. थांबल्यावरही हळूहळू वर चढत राहिला तर आतली बैठक गेली. हे तोंडाने ओढून कळत नाही, त्यासाठी गेजच लागतं.

बीसीडी: हवेची पिशवी, पण पाठीवरची

बीसीडी म्हणजे जॅकेटसारखी पिशवी. तिच्यात हवा भरली की वर तरंगता, सोडली की बुडता. टाकी तिलाच बांधलेली असते. लोक तिला रेग्युलेटरइतकं गंभीरपणे घेत नाहीत, आणि इथे माझा स्वतःचा अनुभव आडवा येतो.

माझं पहिलं बीसीडी जुनंच होतं, ओळखीतून स्वस्तात मिळालेलं. पुण्यातल्या एका तलावात सरावाला घेऊन उतरलो. तीन मीटरवर हवा भरायचं बटण दाबलं, सोडलं, पण ते आतच राहिलं. पिशवी फुगत गेली आणि मी बाटलीच्या बुचासारखा वर. तीन मीटर म्हणजे हसण्यावारी गेलं, कडेला बसलेली पोरं तर टाळ्या वाजवत होती. घरी येऊन बटण खोललं तर आत मिठाचे खडे, पोह्यांवर भुरभुरावेत इतके.

समुद्रात तेच झालं असतं तर? पृष्ठभागाजवळ दाब फार झपाट्याने बदलतो. ३० मीटरवरून २० वर आलं तर हवा एक तृतीयांशाने फुगते, पण १० मीटरवरून वर येताना ती दुप्पट होते. बीसीडीतली हवाही आणि श्वास रोखून धरला तर फुप्फुसातलीही. फुप्फुस फाटू शकतं. शिवाय रक्तात विरघळलेला नायट्रोजन सोड्याची बाटली झटकन उघडल्यासारखा बुडबुड्यांनी बाहेर पडू शकतो. म्हणून अडकणारं बटण हा माझ्या लेखी गळणाऱ्या नळीपेक्षा मोठा दोष.

बीसीडीची तपासणी मात्र अगदी घरगुती. तोंडाने टम्म फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तसंच टम्म असेल तर पुढे बोला. सगळे वॉल्व्ह दहा-दहा वेळा दाबून बघा, दोऱ्या ओढून बघा. उलटं करून हलवा. आतून वाळूसारखा आवाज आला तर ते मीठ. पट्ट्यांची बकलं, टाकीचा पट्टा, शिवण पाहा. माप तर बघाच. टाकी, शिशाची वजनं आणि तुमचं पोट धरून ते कसं बसतं हे कागदावरच्या 'मीडियम'वरून कळत नाही.

काकांचं बीसीडी मी गॅलरीतच फुगवलं आणि म्हटलं, "काका, हे उद्यापर्यंत असंच राहू द्या." चहा घेऊन आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांचाच फोन. "अहो, चपटं झालंय. पापडासारखं."

डाइव्ह कॉम्प्युटर: जुना चालेल, पण कितपत जुना?

मनगटावरचा हा यंत्र-घड्याळाचा अवतार खोली आणि वेळ मोजून तुमच्या शरीरात किती नायट्रोजन साठला असेल याचं गणित करतो, आणि अजून किती मिनिटं या खोलीवर राहता येईल ते सांगतो. नव्या माणसाने स्वतःचं घ्यावं अशा वस्तूंत मी याला मास्कनंतर दुसरा नंबर देतो. कारण तो सकाळच्या डाइव्हचा हिशेब दुपारच्या डाइव्हमध्ये धरतो. भाड्याचा कॉम्प्युटर मधल्या वेळात दुसऱ्याच्या हातात गेला तर तो हिशेब तुमचा राहत नाही.

जुन्यात काय बघायचं? बॅटरीचं झाकण उघडा. संपर्काच्या पट्टीवर पांढरा-हिरवा बुरा दिसला तर सोडून द्या. बॅटरी घरी बदलता येते की कंपनीकडे पाठवावी लागते ते विचारा. पडद्यावरचे सगळे आकडे पूर्ण दिसतात का, बटणं लागतात का, जुनी नोंद उघडते का हे पाहा. जमेल तर दोरीला बांधून जोडीदाराच्या कॉम्प्युटरशेजारी खाली सोडा आणि दोघांची खोली जुळते का बघा.

आणि ते मॉडेल कंपनीने कधी परत मागवलं होतं का, हे शोधा. उवाटेकच्या अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स या कॉम्प्युटरचे सुरुवातीचे काही नग गणितातल्या चुकीमुळे २००३ साली परत मागवले गेले, आणि ते बनले होते १९९० च्या दशकाच्या मध्यात. म्हणजे लोक सात-आठ वर्षं ते मनगटावर बांधून फिरत होते. असे नग सगळेच परत जातात असं नाही. काही क्रेटमध्ये राहतात आणि पुढे कुणाच्या तरी हाती "एकदम चालू" म्हणून लागतात.

टाकी? नकोच

"सेटबरोबर टाकीही देतोय, फक्त पाच हजार जास्त." हे ऐकलं की हात जोडा.

तुमच्या घरच्या गॅस सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि साल असतं, ते कधी बघितलंय? 'बी-२७' म्हणजे एप्रिल ते जून २०२७ पर्यंत त्याची पुढची चाचणी व्हायला हवी. स्कूबाच्या टाकीच्या खांद्यावरही चाचणीची तारीख ठोकलेली असते. ही चाचणी पाण्याने होते. टाकीत पाणी भरून जास्त दाब देतात आणि धातू किती ताणला गेला ते मोजतात. तारीख उलटून गेलेली टाकी कुठलंही शहाणं सेंटर भरून देत नाही. १९९० च्या आधीच्या बऱ्याच ॲल्युमिनियमच्या टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या आहेत. त्यात मानेपाशी आतून तडे जाण्याचा दोष निघाला आणि अशा काही टाक्या भरतानाच फुटल्या. बाहेरून त्या चकाचक दिसतात.

परदेशातून आणू म्हणाल तर सिलिंडर, अगदी रिकामासुद्धा, आयात करायला पेसोचा परवाना लागतो. पेसो म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर नजर ठेवणारं केंद्र सरकारचं खातं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. आणि एवढं करून त्या १४ किलोच्या धोंड्याचं पुण्याच्या दोन बेडरूमच्या घरात करणार काय? मालवण असो, गोवा असो, अंदमान असो, टाकी आणि शिशाची वजनं डाइव्हच्या पैशांत येतातच.

उरलेलं पटकन

फिन्स जुने घ्या, बिनधास्त. मास्क मात्र चेहऱ्याला बसला तरच: पट्टी न लावता टेकवा, नाकाने हवा ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. मिशीवाल्यांनी जास्त ओढून बघावं. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि खाली गेल्यावर आतला दाब सारखा करता येत नाही. सूटचा निओप्रीन म्हणजे फुग्यांनी भरलेलं रबर. वापरून वापरून फुगे चेपतात आणि ऊब जाते. आपल्याकडच्या कोमट पाण्याला ३ मिलिमीटर पुष्कळ होतो, त्यामुळे थोडा चेपलेलाही चालतो. सूटमध्ये लोक काय काय करतात ते विचारू नका, घरी आणून डेटॉलमध्ये बुडवा.

"दुसऱ्याच्या तोंडातला रेग्युलेटर, शी!" असं माझी बहीण म्हणाली. अगं, भाड्याचा कुणाच्या तोंडातला असतो मग? तोंडात धरायचा रबरी भाग एका प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला असतो. पट्टी कापायची, नवा भाग बसवायचा, नवी पट्टी ओढायची. वांगी चिरायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"मग भाड्याने घेणंच स्वस्त नाही का?"

वर्षातून चार-सहा डाइव्ह करणाऱ्यासाठी, हो, बहुतेक वेळा. कोकणात हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात समुद्र बंद. उरलेल्या आठ महिन्यांत तुम्हाला सुट्ट्या किती मिळणार? तुम्ही डाइव्ह करा किंवा करू नका, रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग ठरलेलं. भाच्याने चौकशी केली तेव्हा सर्व्हिसिंग, किट, एक नळी आणि जाण्या-येण्याचं कुरिअर मिळून साधारण नऊ हजार सांगितले गेले. म्हणजे ४५ हजारांचा सेट पाण्यात उतरायच्या आधीच ५४ चा झाला, त्यात बीसीडी गळकं. विकणाऱ्याने सांगितलेली किंमत हा फक्त पहिला हप्ता असतो.

यावर भाच्याने युक्तिवाद काढला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. "मामा, भाड्याचा तरी कुणी कधी खोललाय हे मला कुठे माहीत असतं?" खरंय. चांगलं सेंटर विचारल्यावर शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं ते सांगतं. कुणी विचारल्याचाच राग धरत असेल तर दुसरीकडे जावं. पण एक फरक आहे. सेंटरचा रेग्युलेटर हंगामात रोज पाण्यात असतो, बिघाड असेल तर तो आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येतो. तुमच्या कपाटातला बिघाड मात्र तुम्हीच, खाली गेल्यावर, शोधून काढता.

"दुबईहून किंवा ऑनलाइन मागवलं तर?"

तिथे माल जास्त आणि स्वस्तही असतो. पण गाळणीत टॉर्च कोण मारणार? फोटोत हिरवट छटा दिसत नाही, दिसली तरी तो फोटो पाठवत नाहीत. तिथे कुणी नातेवाईक असेल तर त्याच्याकरवी आधी तिथेच सर्व्हिस करून घ्या आणि पावती मागा. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, तुम्हाला ती मिळत नाही. सीरियल नंबर खोडलेला असेल तर ती वस्तू कुणाच्या तरी बोटीवरून उचललेली असण्याची शक्यता धरा.

आणि टाकीला जोडण्याची पद्धत बघा. एका प्रकारात चौकटीसारखा कडा टाकीच्या तोंडावर स्क्रूने आवळतात, त्याला योक म्हणतात. दुसऱ्यात आटे थेट टाकीत फिरवून बसवतात, तो डिन. युरोपात डिन पुष्कळ, आपल्याकडच्या सेंटरवर बहुतांशी योक. मधला जोड मिळतो, पण तो खिशात नसेल तर बोटीवर बसून राहावं लागतं.

शेवटी काय घेतलं

फिन्स घेतले. कॉम्प्युटरचं बॅटरीचं झाकण उघडलं तर आत लख्ख. तोही घेतला, नवी बॅटरी टाकली. सूट भाच्याला खांद्यात आवळत होता. बीसीडीचं काकांनी स्वतःच "ते राहू द्या" म्हणून सांगितलं.

रेग्युलेटरसाठी मात्र भाचा हट्टाला पेटला होता. काकांनी किंमत निम्म्यावर आणली, त्याने मॉडेलचा नंबर सर्व्हिस करणाऱ्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: फर्स्ट स्टेजचा किट आहे, सेकंड स्टेजचा येणं बंद झालंय. तिथे विषय संपला.

ऑक्टोबर संपता संपता तो मालवणला जाऊन आला. रेग्युलेटर सेंटरचा, त्यावर तोंडात धरायचा भाग याने पिशवीतून नेलेला स्वतःचा. किनाऱ्यावरूनच त्याने काकांना फोटो धाडला. त्यांनी उलट एक फोटो पाठवला. त्यांचा रेग्युलेटर आता शोकेसमध्ये आहे, मस्कतच्या बोटीवरच्या जुन्या फोटोशेजारी, टोपी घट्ट लावून.